पाँटून बोटीत दर रविवारी कंबर धरते आणि बोट सरळ जात नाही: दोष कुठे सापडला

आधी तक्रार सांगतो. दोन लांबट ट्यूब, मध्ये लोखंडी सांगाडा, त्यावर खुर्ची आणि दोन वल्ही, अशी एका माणसाची फुगवायची पाँटून बोट. अर्धा तास वल्हवलं की कंबर धरते. अंगठे मांड्यांवर आपटतात. बोट शेपूट हलवत चालते आणि मध्येच डावीकडे ओढ घेते. त्यात पाण्यावर तासभर झाला की ट्यूब मऊ पडतात. घरी आणून तपासलं तर कुठेच काही बिघडलेलं नसतं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

माझं हे दिवाळीपासून होळीपर्यंत चाललं. मी नेरूळला राहतो, बोट बेलापूरच्या बाजूने पनवेल खाडीत टाकतो. बोट आठ फुटी, रुंदी साडेचार फूट, सांगाड्यासकट वजन ३४ किलो, सोबत आलेली वल्ही ६ फुटी, दोन तुकड्यांची. माझं वजन ८२ किलो. तुमची बोट वेगळ्या मापाची असेल तर आकडे बदलतील, तपासायचा क्रम तोच राहील.

आधी चुकीचे उपाय, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. कंबर दुखते म्हणजे खुर्ची वाईट, असं धरून मी चार इंची फोमची गादी टाकली. पहिली पंधरा मिनिटं राजासारखं वाटलं. मग अंगठे मांड्यांवर आपटायला लागले, जे आधी होत नव्हतं. म्हणून जास्त उंच पाठीची खुर्ची आणली. वल्हं ओढताना पाठ तिच्यावर रेलायची आणि खुर्चीचे स्क्रू ढिले व्हायचे. त्यानंतर कमरेचा पट्टा. त्यानंतर डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, वल्हवण्यापेक्षा पोहा. खुर्ची, गादी, पट्टा मिळून जेवढे पैसे गेले, त्यात वल्ह्यांची नवी जोडी आली असती.

दोष दाखवला तो जेट्टीवर जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या नाखवांनी. मी बोट काठाला लावून कंबर धरून उतरत होतो. त्यांनी बोटीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आरं, तुझे होरीला पाय टेकवाला जागाच नाय."

झालं. चार महिने मी ढुंगणाखाली काय आहे ते बदलत होतो, आणि दोष पायाखाली होता.

घरच्या घरी पडताळून पाहा. चाकाच्या खुर्चीवर बसा, पाय उचला आणि बंद दाराची कडी ओढा. दार जागचं हलत नाही, खुर्चीच दाराकडे सरकते. आता पाय दाराच्या चौकटीला लावून ओढा. खुर्ची जागेवर राहते आणि जोर कडीवर जातो. वल्हं ओढण्याचं गणित हेच आहे. हाताने जेवढं ओढता तेवढंच पायाने रेटावं लागतं. पायाला आधार नसेल तर अंग पुढे सरकू नये म्हणून कमरेचे स्नायू सतत ताठ राहतात, आणि दर ओढीला थोडे थकतात. मऊ रेक्झिनच्या गादीवर अंग आणखी घसरतं, म्हणून गादीने दुखणं वाढलं.

या बोटींना पाय ठेवायला काहीच नसतं असं नाही. दोन्ही बाजूंना छोट्या दांड्या असतात. पण त्या गळ टाकून निवांत बसण्यासाठी असतात. गुडघा काटकोनात मोडलेला आणि पाऊल खाली लोंबतं, अशा पायाने रेटता येत नाही.

सांगाड्याला लगेच वेल्डिंग करायला धावू नका. मी आधी बांबू बांधला. सव्वा इंची बांबू, सांगाड्याच्या दोन्ही पाइपांवर आडवा, नायलॉनच्या दोरीने आवळून. जागा अशी ठरवा: खुर्चीत बसून वल्ही पूर्ण पुढे न्या, म्हणजे हात लांब आणि अंग किंचित वाकलेलं. त्या वेळी टाचा बांबूला टेकलेल्या असाव्यात आणि गुडघा जरासा वाकलेला. गुडघा पूर्ण सरळ होत असेल तर बांबू लांब आहे. वल्ह्याची मूठ गुडघ्याला लागत असेल तर जवळ आहे. दोन रविवार बांबूवर काढले, दोनदा जागा सरकवली, आणि मगच रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. एक इंची जी.आय. (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, दोन्ही टोकांना यू-बोल्टच्या पट्ट्या, वर पाण्याच्या नळीचा चिरलेला तुकडा. सगळं मिळून साडेअकराशे रुपये.

तिथे तीन गोष्टी आग्रहाने सांगा. एक, सांगाड्याच्या पाइपला भोक पाडायचं नाही. भोकातून खारं पाणी आत शिरतं आणि पाइप आतून सडतो, बाहेरून रंग छान दिसत राहतो. दोन, जी.आय.वर वेल्डिंग करायचं असेल तर त्या जागचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढायचा. जस्ताच्या धुराने कारागिराला त्याच संध्याकाळी थंडीताप भरू शकतो. नंतर उघड्या जागेवर झिंक स्प्रे मारायचा. तीन, पायाला अडकवायचा पट्टा किंवा कडी बिलकुल लावायची नाही. जिममधल्या रोइंग मशीनला असतो तसा पट्टा हवा, असं मलाही वाटलं होतं. बोट उलटली तर त्याच पट्ट्यात पाय अडकेल.

पायाची दांडी बसली आणि कंबर पहिल्याच दिवशी निम्म्यावर आली. निम्म्यावर म्हणतो, कारण आता दुसरा दोष उघडा पडला. पाय रेटायला लागले, पण ओढ फारच आखूड येत होती. वल्ह्याची कडी, म्हणजे ज्यात वल्हं फिरतं ते ओरलॉक, खुर्चीच्या पुढच्या कडेपासून फक्त ५ इंच पुढे होतं. चांगल्या वल्हवायच्या होडीत हे अंतर फूटभर असतं. ५ इंचांत मूठ ओढून आणली की लगेच पोटाला लागते, म्हणजे ओढीचा सगळ्यात ताकदीचा भाग वायाच. म्हणून खुर्ची ५ इंच मागे सरकवली. बहुतेक सांगाड्यांत खुर्चीची फळी बोल्टवर असते, त्यामुळे वेल्डिंग लागत नाही. खुर्ची मागे गेली की पायाची दांडीही तेवढीच मागे घ्यावी लागते. म्हणूनच दांडी यू-बोल्टवर ठेवा, कायमची जोडू नका.

मग उंची. कारखान्यातून आलेल्या बोटीत आसनापासून कडी ९ इंच वर होती. माझी चार इंची गादी बसल्यावर दबून तीन इंच उरायची, म्हणजे कडी फक्त ६ इंच वर. साधारण ७ ते ९ इंच असावी. कमी असेल तर पातं पाण्याबाहेर काढताना मूठ जेवढी खाली दाबावी लागते तेवढी जागाच मांडीवर उरत नाही. अंगठे फुटायचं कारण हे. गादी काढली, एक इंची ईव्हीए फोमची शीट कापून टाकली, आणि उंची ८ इंचांवर आली. योगा मॅटचे दोन थरही चालतील. मऊ नको, दाट हवं. इतकं दाट की अंगठ्याने दाबलं तर खोल खळगा पडू नये.

हे माप जमिनीवर घेता येतं. मी सोसायटीच्या बागेत हिरवळीवर बोट फुगवून बसलो होतो. वॉचमनने दोनदा येऊन विचारलं, पाणी कधी सोडणार? मुठी मांडीवरून पुढेमागे न्या. मांडी आणि मूठ यांच्यात आडवी ठेवलेली एक मूठ मावली पाहिजे, आणि ओढीच्या शेवटी हात बरगड्यांच्या खालच्या काठाशी यावेत. खांद्याजवळ येत असतील तर कडी उंच आहे.

वल्ह्याच्या लांबीचा एक जुना हिशेब आहे: कडीच्या आतला भाग ७, तर बाहेरचा १८. दोन कड्यांमधलं अंतर मोजा, निम्मं करा, त्यात २ इंच मिळवा, हा झाला आतला भाग. माझ्या बोटीत अंतर ४६ इंच, निम्मं २३, अधिक २ म्हणजे २५. त्यावरून पूर्ण वल्हं ८९ इंच, म्हणजे जवळजवळ साडेसात फूट. माझी वल्ही ६ फुटी, म्हणून शंभर ओढी मारल्या तरी मी तिथेच. पण हिशेबाप्रमाणे वल्हं घेतलं तर मुठी मध्ये एकमेकांवर ४ इंच चढतात, आणि मधूनच गळ सांभाळणाऱ्याला ते निस्तरत नाही. मी ७ फुटी घेतली आणि कॉलर, म्हणजे वल्हं कडीतून सरकू नये म्हणून त्यावर असलेलं कडं, अशी बसवली की आत २२ इंच राहतील. दोन मुठींमध्ये २ इंच मोकळे. थोडं जड जातं, पण बोटं चेंगरत नाहीत. वल्ह्याला तयार रबरी कॉलर नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि वर नायलॉनची दोरी. आमच्या जेट्टीवर लाकडी वल्ह्यांना अजून दोरीच गुंडाळतात आणि ती रबरी कॉलरपेक्षा जास्त टिकते.

आता शेपूट हलवण्याकडे. यातलं कारण मला सगळ्यात उशिरा कळलं, आणि कळल्यावर स्वतःचंच हसू आलं.

या बोटीत आपण तोंड पुढे करून बसतो आणि वल्हं ओढतो. ओढलं की बोट पाठीकडे जाते. म्हणजे लांबचा पल्ला मारताना बोटीचं 'मागचं' टोक प्रत्यक्षात पुढे असतं. आणि सामान ठेवायची जाळी असते खुर्चीच्या मागे. मी तिथे बर्फाची पेटी, पाण्याच्या दोन बाटल्या, पंप आणि डबा ठेवत होतो. पंधराएक किलो. वजन चालत्या टोकाकडे असलं की ते टोक पाण्यात रुततं, मागचं टोक वर उचललं जातं आणि वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या जराशा धक्क्याने भिरभिरतं. वजन मागे घसटत्या टोकाकडे असलं की बोट सरळ चालते. नेहमीच्या होडीतला नियम तोच, फक्त इथे माणूस उलटा बसलाय. त्यात मी खुर्चीही ५ इंच मागे घेतलेली, म्हणजे माझे ८२ किलोही त्याच टोकाकडे सरकले.

पेटी उचलून पायाच्या दांडीच्या पलीकडे, दोन ट्यूबच्या मध्ये बांधली. पायांपुढे एक छोटी आडवी पट्टी आणि त्यावर जाळी. त्या रविवारी बोट पहिल्यांदा सरळ गेली. दुरुस्तीला पैसे शून्य.

डावीकडची ओढ मात्र वेगळी होती. साडेतीन किलोचा नांगर मी डाव्या बाजूला टांगत होतो, कारण मी उजवा आणि डावा हात मोकळा. तो पेटीजवळ मध्यावर आणला. नांगराची दोरीही टोकावरूनच सोडा, कडेवरून कधीच नाही. ओहोटीच्या ओढीत कडेला बांधलेला नांगर ट्यूब पाण्याखाली खेचतो. आणि दोरी झटकन सोडता येईल अशी गाठ हवी, टोकाला एक छोटा तरंगता डबा बांधलेला, म्हणजे नांगर टाकून पळावं लागलं तरी नंतर सापडतो.

ट्यूब मऊ पडण्याचा छडा लावायला मला दोन रविवार आणि अर्धी बाटली भांड्यांचा साबण लागला. फेस करून सगळे शिवण, व्हॉल्व्ह, जोड तपासले. बुडबुडा कुठेच नाही. तरीही तासाभराने अंगठा दाबला की खळगा पडायचा.

गळती नव्हतीच. मी बोट गाडीच्या डिकीत आणायचो. मार्च-एप्रिलमध्ये डिकीतलं पीव्हीसी तापलेलं, वर इलेक्ट्रिक पंपाची हवाही गरम. समजा ट्यूबमधली हवा ४५ अंशांवर आणि दाब ३ पीएसआय. पाणी २९ अंशांवर. मापकावरच्या ३ मध्ये बाहेरच्या वातावरणाचे १४.७ मिळवा: १७.७. हवा थंड होते तेव्हा हा पूर्ण दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात उतरतो. ४५ अंश म्हणजे ३१८, २९ अंश म्हणजे ३०२. १७.७ गुणिले ३०२ भागिले ३१८ म्हणजे १६.८. त्यातून १४.७ वजा केले की उरतात २.१. ट्यूब जराशी आक्रसते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा वेगळा येईल, पण एक थेंब हवा न गळता जवळजवळ तिसरा हिस्सा दाब गेला हे खरं.

आणि मऊ ट्यूबचा वल्हवण्याशी थेट संबंध आहे. सांगाडा ट्यूबवर पट्ट्यांनी बांधलेला असतो. ट्यूब सैल म्हणजे पट्ट्या सैल, आणि दर ओढीला सांगाडा डुलतो. तुमचा जोर आधी सांगाडा हलवतो, मग उरलासुरला बोट हलवतो.

उपाय सोपा. काठावर पाऊण भाग हवा भरा, पट्ट्या आवळा, बोट पाण्यात ढकला, दहा मिनिटं थांबा, आणि उरलेली हवा पाण्यातच, हातपंपाने भरा. परतताना उलटं. थंड पाण्यावर ३ पीएसआय असलेली ट्यूब जेट्टीच्या तापलेल्या काँक्रीटवर ५५ अंशांपर्यंत गेली तर हिशेबाने साडेचार पीएसआय होतो, आणि शिवण उकलते ती अशाच वेळी. बोट पाण्याबाहेर काढायच्या आधी व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडा, चहा नंतर. आणि गाडीच्या टायरचा मापक या कामाचा नाही. २-३ पीएसआयला त्याचा काटा धड हलतही नाही, कमी दाबाचा वेगळा मापक घ्या.

खरी गळती आहे की नाही ते पाहायचं असेल तर बोट घरात, सावलीत, रात्री फुगवा आणि सकाळी त्याच खोलीत मोजा. तरीही दाब उतरला असेल तर आधी व्हॉल्व्हच्या बुडाचा वायसर पाहा. दहातले आठ वेळा तिथे वाळूचा कण असतो. निदान माझ्या बोटीत तरी.

भोक पडलंच असेल तर सायकलचं सोल्युशन लावू नका. ते रबरासाठी असतं, पीव्हीसीवर धरत नाही. मला एका दुकानात 'कशावरही चालतं' म्हणून जे दिलं ते तिसऱ्या फेरीत सुटलं. पीव्हीसीच्या बोटींसाठीचं दोन भागांचं चिकटवणारं रसायन घ्या, जागा बारीक पॉलिश पेपरने खरवडा, पुसा, पॅच चारही बाजूंनी दोन इंच मोठा ठेवा, आणि पूर्ण एक दिवस हवा भरू नका.

भोकं कुठून येतात? आपल्या खाडीत मुख्यतः तीन ठिकाणांहून. जेट्टीच्या दगडांवरची कालवं, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. भरतीत बुडलेली तिवरांची मुळं, जी चिखलातून उभी वर येतात. आणि शिंगाळा. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात. हाताला लागले तर दिवसभर ठणका, ट्यूबला लागले तर हवा. पहिल्या शिंगाळ्याने माझ्या उजव्या ट्यूबला जो प्रसाद दिला तो पॅच अजून दिसतो. आता ट्यूबवर, दोन्ही बाजूंना हाताशी, गाडीच्या पायपुसणीसारखी जाड रबरी मॅट पट्ट्यांनी बांधलेली आहे. मासा आधी तिच्यावर येतो, मी त्याचे काटे पकडीने मोडतो, मग पेटीत. बोय आणि काळुंदर आले तर इतका बंदोबस्त लागत नाही, पण खाडीत गळाला काय लागेल ते आधी कळत नाही. जिताडा लागला तर मॅट, पकड, सगळं विसरायला होतं, ती वेगळी गोष्ट.

गळाच्या काठीसाठी होल्डर लावताना एक चूक सगळे करतात, मीही केली. हाताशी हवा म्हणून खुर्चीच्या पुढे लावला, आणि दर ओढीला वल्ह्याची मूठ त्याला अडकली. होल्डर खुर्चीच्या मागे, कोपराच्या मागच्या बाजूला, बाहेर तिरका. वल्हवताना मूठ जिथपर्यंत येते तिथपर्यंत काहीच ठेवू नका, पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

खाऱ्या पाण्यात नटबोल्ट कसले घ्यायचे यावर फार चर्चा होते. माझं मत: ३०४ स्टेनलेस चालेल पण खाडीत त्यावर तांबूस डाग येतात, ३१६ महाग पण त्यावर फारच कमी येतात, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. यू-बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) लावा, कारण वल्हवण्याच्या हादऱ्याने साधा नट सुटतो. बाकी कशालाही ३१६ ची गरज नाही.

आता एक गोष्ट जी बोटीत नाही, पण तीच राहिली तर वरचं सगळं फुकट. भरती-ओहोटी. खाडीत प्रवाहाच्या उलट वल्हवायला लागलात तर जगातली कुठलीही पायाची दांडी कंबर वाचवणार नाही. सहा तासांच्या भरतीत पाणी सारखं चढत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्या आणि चौथ्यात ३-३, मग २, मग १. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. उधाणाच्या दिवसांत तर त्या वेळी आठ फुटी बोट घेऊन उलट जायचा विचारही करू नका.

वेळ काढायला ॲप आहेतच, पण कोकण किनाऱ्यावरचा तिथीचा हिशेब तोंडी करता येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमाराला. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. माझ्यासाठी दशमी-एकादशी सगळ्यात सोयीची: ओढ अजून मवाळ, आणि भरती साडेसात-सव्वाआठला. उजाडता उजाडता पाण्याबरोबर आत जायचं, भरतीच्या टोकाला गळ टाकायचे, ओहोटी लागली की तिच्याबरोबर परत. वल्हं निम्म्याहून कमी वेळ चालतं. अडचण एकच. एकादशीला मासे घेऊन घरी आलं की आईचं ऐकून घ्यावं लागतं. पेटी द्वादशीपर्यंत बर्फात.

परतायला उशीर केलात आणि पाणी गेलं, तर मधे गुडघाभर नव्हे, मांडीभर चिखल असतो. त्यातून चालत यायचा प्रयत्न करू नका. बोटीतच बसा आणि पुढच्या भरतीची वाट बघा. माझे असे साडेचार तास गेलेत, एक बाटली पाणी आणि एका पारले-जीच्या पुड्यावर. लाइफ जॅकेट अंगात, शिट्टी गळ्यात, फोन पाणीबंद पिशवीत.

कुठे जायचं तेही बघून घ्या. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला. गळ आणि बोट घेऊन तिथे शिरायचं नाही. पक्षी बघायचे असतील तर ऐरोलीहून वनखात्याच्या फेऱ्या निघतात, त्यात बसा. मोरबे धरण नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, तिथेही नाही. आणि खाडीत जिथे जाळी लावलेली दिसतील तिथून लांबून जा. ते कोणाचं तरी पोट आहे, आणि वल्हं जाळ्यात अडकलं तर चूक तुमचीच. बोट टाकायच्या आधी जेट्टीवर कोणाला तरी विचारा. मला जे कळलं ते असं विचारूनच. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत माझी बोट माळ्यावर असते.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. सांगाड्याच्या पाइपांची टोकं खाली करून रात्रभर उभा ठेवा, आत शिरलेलं पाणी निथळतं. यू-बोल्ट महिन्यातून एकदा सोडून ग्रीस लावा, नाहीतर दांडी सरकवायची वेळ आली की ग्राइंडरच लागतो.

एक दोष अजून पूर्ण गेलेला नाही. उजव्या कडीचं भोक झिजून लंबगोल झालंय आणि दर ओढीला 'टक्' असा आवाज येतो. सध्या त्यात प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपचा अर्धा इंच तुकडा बुश म्हणून बसवलाय. सातआठ फेऱ्या टिकतो, मग नवा कापतो. पितळेचा बुश कुणी टर्नरकडून बनवून घेतला असेल तर आतला व्यास किती ढिला ठेवला ते सांगा. माझा पहिला इतका घट्ट झाला होता की वल्हं फिरेना.